निखाऱ्यात पुरलेला रोडगा जळत का नाही?

तव्यावरची पोळी पाच मिनिटे विसरली तर ती खाण्याजोगी राहत नाही. तापलेला तवा साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसवर असतो. लाल दिसणारा निखारा ६०० अंशांच्याही वर असतो. तरीही अमरावती-अकोल्याकडे कणकेचा गोळा थेट निखाऱ्यांत पुरतात, वरून आणखी राख आणि आर ओढून घेतात आणि पाऊण-एक तास त्याकडे फारसे पाहतही नाहीत. बाहेर काढल्यावर राख झटकली की तो वरून तांबूस, टणक आणि आतून मऊ निघतो. फोडला की वाफ येते, वर तूप सोडले की ते आत नाहीसे होते. हा रोडगा. शनिवारी मारुतीच्या पारावर, नवस फेडताना, शेतातल्या पंगतीला तो वांग्याची रस्साभाजी आणि तुरीच्या घट्ट वरणासोबत वाढला जातो.

तवा जाळतो आणि निखारा जाळत नाही, हे कसे? याचे उत्तर शोधत गेले की वऱ्हाडातले भरीत, हुरडा, हंडीतले मटण या सगळ्यांचा उलगडा होतो. परगावी गेल्यावर चांगले खाणे कुठे शोधावे, याचाही एक भरवशाचा माग त्यातूनच सापडतो.

राखेची गोधडी

रोडग्यासाठी सरपण म्हणून गोवऱ्या लागतात. लाकडाच्या निखाऱ्यावर रोडगे भाजून पाहिलेल्या कुणालाही विचारा: वरून कोळसा आणि आत कच्चे पीठ. फरक सरपणाच्या घडणीत आहे.

गाय-बैल जे खातात त्यातला सहज पचणारा भाग त्यांच्या अंगी लागतो. शेणात उरतात ते न पचलेले तंतू आणि बरीचशी खनिजे. चांगले लाकूड जळाल्यावर शंभरातले एखाद-दोन भाग राख उरते. गोवरीची राख त्याच्या कितीतरी पट, बऱ्याचदा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. शिवाय ही राख लगेच गळून पडत नाही. जळून गेलेली गोवरी हात लागेपर्यंत आपला आकार धरून असते. त्यामुळे आतल्या विस्तवापर्यंत हवा हळूहळू झिरपते, ज्वाळ उठत नाही आणि आग आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहते.

ही राख हलकी, भुसभुशीत आणि हवेने भरलेली असते. अशा पदार्थातून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. हिवाळ्यात गोधडी अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. इथे तेच काम दोन्ही बाजूंनी होते: राख निखाऱ्याची धग धरून ठेवते आणि ती धग रोडग्यापर्यंत एकदम पोहोचूही देत नाही. निखारा कितीही तापलेला असो, राखेच्या थरातून रोडग्याच्या अंगाला लागते ती मंद आणि चहूबाजूंनी सारखी आच.

म्हणून जाणती माणसे गोवऱ्या पेटवल्याबरोबर रोडगे टाकत नाहीत. गोवऱ्यांचा ढीग पेटू देतात, पहिला दाट धूर जाऊ देतात, ढीग खाली बसून आर झाला की काठीने पसरतात, त्यावर रोडगे मांडतात आणि कडेची गरम राख वर ओढतात. मध्येच एकदा उलथवतात. धूर निघत असताना घाई केली तर रोडग्याला शेणाच्या धुराचा कडवट वास धरतो आणि तो तुपानेही जात नाही. रोडगे बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

आतल्या पाण्याचे काम

राखेने अर्धे काम केले. उरलेले अर्धे कणकेतले पाणी करते.

एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेच उकळते पाणी वाफ करायचे तर आणखी सुमारे ५४० कॅलरी, म्हणजे जवळजवळ सातपट. त्यामुळे गोळ्याच्या गाभ्यात पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. येणारी उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. गव्हातला स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो आणि शिजतो. कणकेला ताण देणारे ग्लूटेन हे प्रथिन त्याच्या थोडे पुढे घट्ट होते. म्हणजे गाभा शिजायला लागणारी सगळी आच शंभराच्या आतच मिळून जाते.

कडेचा थर मात्र लवकर कोरडा होतो. तिथले पाणी संपले की तापमान चढू लागते आणि १४० अंशांच्या पुढे पिठातली साखर आणि प्रथिने यांच्यात मेलार्ड नावाची प्रक्रिया वेगाने सुरू होते. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, भाजलेले मटण यांचा रंग आणि खमंगपणा हिच्यामुळेच. रोडग्याची टणक साल म्हणजे ही प्रक्रिया जिथवर पोहोचली तिथवरची हद्द.

आता पिठाकडे पाहू. रोडग्याचे पीठ जाडसर दळून आणतात. बारीक पीठ भरभर पाणी पिते, त्यात ग्लूटेनचे लांब धागे तयार होतात आणि गोळा भाजल्यावर चिवट होतो. रवाळ पीठ ते होऊ देत नाही. मोहन म्हणून घातलेले तेल कणाकणाला लागते आणि धागे आणखी आखूड राहतात. निगुतीने करणाऱ्या बाया तीन-चार लहान पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवतात आणि त्या मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळतात. भाजताना वाफ या थरांमधून वाट काढते, थर सुटे होतात. रोडगा फोडल्यावर तूप जे क्षणात आत शिरते, ते वाफेने मोकळ्या केलेल्या याच वाटांनी.

वांग्याला मात्र ज्वाळ हवी

गोवरीची मंद आच इतकी गुणी, तर वांगेही त्यातच का भाजत नाहीत? कारण वांग्याचे दुखणे वेगळे आहे. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि गर हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो. भरितासाठी साल पूर्ण जळून सुटायला हवी, तिच्या जळण्याचा धूर गराला लागायला हवा आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजून बसायला हवा. त्यासाठी सगळ्या बाजूंनी एकदम लपेटणारी, जोरदार आणि थोडाच वेळ टिकणारी ज्वाळ लागते.

वऱ्हाडात ती पऱ्हाटी देते. कापसाची वेचणी संपली की उपटून ठेवलेली कपाशीची वाळलेली झाडे म्हणजे पऱ्हाटी. तुरीच्या काड्या म्हणजे तुराटी. दोन्ही बोटाएवढ्या जाड, आतून लाकडी आणि कोरड्या. बारीक काडीला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती भडाभडा पेटते आणि लवकर संपते. त्या पेटत्या ढिगात वांगी टाकली की काही मिनिटांत काम होते. गॅसच्या शेगडीवर ज्वाळ वांग्याच्या एकाच बाजूला लागते. माणूस ते फिरवत बसतो, एका बाजूची साल कोळसा होते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो.

धुराचा भागही महत्त्वाचा आहे. लाकडी काडीत तंतूंना जोडून धरणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो तापून मोडतो तेव्हा ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी संयुगे धुरातून बाहेर पडतात. ज्याला आपण धुरकट चव म्हणतो ती मुख्यतः यांची. गॅसच्या ज्वाळेत लिग्निन नाही, म्हणून शेगडीवरच्या भरितात जी थोडीबहुत चव येते ती जळलेल्या सालीचीच. भाजण्याआधी वांग्याला सुरीने टोचे मारायचे, नाहीतर आतली वाफ ते फोडते. जळलेली साल मात्र पूर्ण काढावी. करपलेल्या भागात प्रकृतीला घातक संयुगे असतात.

पुढे मिरची, पातीचा कांदा, शेंगदाणे, सांभार म्हणजे कोथिंबीर घालून भरीत ठेचले जाते. शेजारच्या खानदेशात त्याचा थाट आणखी मोठा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही हिवाळ्यात काड्या पेटवून मणांनी वांगी भाजतात. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कापूस, त्यामुळे दोन्हीकडची ज्वाळ एकच. यात नवल काही नाही.

शेत जसे, तसे सरपण

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. एखाद्या मुलखाचे भाजलेले खाणे कसे असेल, हे मसाल्याच्या आधी तिथले सरपण ठरवते आणि सरपण ठरवते तिथले शेत. वऱ्हाड हा मोठ्या जंगलाचा मुलूख नव्हे. मेळघाट सोडला तर बाकी काळी कसदार सपाटी. जाळायला मोठी लाकडे कमी. पण ज्वारी होती, म्हणून कडबा होता; कडबा होता म्हणून दावणीला गुरे होती; गुरे होती म्हणून गोवऱ्या. कापूस तर होताच. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवले आणि त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोहोचली. कापसाचे पीक पसरले तसे दारोदारी पऱ्हाटीचे ढीगही उभे राहिले.

थोडे पश्चिमेला चला. रायगडात अलिबाग-पेणकडे हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, हवे तर अंडी किंवा कोंबडी. तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा पेटवायचा. भाताचा मुलूख, म्हणून पेंढा. पेंढ्याची आग क्षणभंगुर, म्हणून अन्न उघडे न ठेवता मडक्यात कोंडायचे आणि पाल्याच्या ओलाव्यावर वाफवायचे. दक्षिण गुजरातेतले उबाडियू याच घराण्यातले. उत्तरेला राजस्थानात पाऊस कमी, गुरे भरपूर, म्हणून पुन्हा गोवरी आणि बाटी. बिहारमध्ये तोच गोळा सत्तूचे सारण पोटात घेऊन लिट्टी होतो. खानदेशात बट्टी आधी उकडून किंवा वाफवून मग तळतात, म्हणजे निखाऱ्याची गरजच संपते.

हुरड्यालाही हेच लागू पडते. ज्वारीचे कणीस दुधाळ अवस्था ओलांडून पिठूळ होऊ लागते, तेव्हा दाण्यात साखर अजून शिल्लक असते आणि पाणीही भरपूर असते. शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखाऱ्यात कणसे खुपसतात आणि गरम गरम हातावर चोळून दाणे मोकळे करतात. आठवडाभर उशीर झाला तर साखरेचा स्टार्च होतो आणि दाणा गोड लागत नाही. विदर्भात हुरड्यासाठी वाणीची ज्वारी आवडीने लावतात.

हंडी, आणि दूरचे टेक्सास

सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरम आहे. २० डिसेंबरच्या सुमारास तिथली यात्रा सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. कुटुंबेच्या कुटुंबे राहुट्या टाकतात. दर्शनाइतकीच ही यात्रा रोडग्यांसाठी आणि मातीच्या हंडीतल्या मटणासाठी ओळखली जाते. याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा यात्रांमधून होणाऱ्या पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनांतून बोलले. वऱ्हाडातल्या यात्रांच्या जेवणाविषयी लिहिताना ती बाजूही सांगायला हवी.

हंडीत काय घडते? मटणातले जे तुकडे चिवट असतात, खांदा, नळी, मान, त्यांत कोलॅजन नावाचे बांधून धरणारे प्रथिन जास्त असते. जोरदार आचेवर मांस आवळते, रस सुटतो आणि कोलॅजन मात्र तसेच राहते. ओलाव्यात, मंद आचेवर, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे बराच वेळ ठेवले की त्याचे जिलेटिन होते. तेच रश्श्याला दाटपणा आणि ओठांना लागणारा चिकटपणा देते. जाड मातीची भिंत उष्णता सावकाश आत सोडते, त्यामुळे हंडी गदगदा न उकळता बुडबुडत राहते. चिवट मांसाला हेच मानवते.

अमेरिकेतल्या बार्बेक्यूमागेही हेच कोलॅजन आहे. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक स्थलांतरित खाटकांच्या दुकानांतून वाढलेली परंपरा बैलाच्या छातीचा चिवट भाग पोस्ट ओक या तिथल्या लाकडावर, शंभर-सव्वाशे अंशांत, दहा-बारा तास भाजते. वर मीठ आणि मिरी एवढेच. पूर्व नॉर्थ कॅरोलिनात अख्खे डुक्कर भाजून व्हिनेगर-मिरचीचे पाणी लावतात. त्याच राज्याच्या पश्चिमेला फक्त खांदा आणि व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो. कॅन्सस सिटीत गोड, दाट टोमॅटोचा सॉस. तिथली माणसे या फरकांवर तावातावाने भांडतात. वऱ्हाडी माणसाला ते भांडण समजेल, कारण नागपूरच्या सावजी रश्श्याला कुणी वऱ्हाडी म्हटले की इथेही आवाज चढतात. सावजी ही हलबा-कोष्टी विणकरांची परंपरा. तिचा तिखटपणा आणि मसाला वेगळा.

चौकट: केव्हा जावे
भरीत आणि रोडग्यांच्या पंगतींचा खरा हंगाम मार्गशीर्ष ते माघ. हुरडा कणीस पिठूळ असतानाच, म्हणजे पेरणीप्रमाणे दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. बहिरम यात्रा डिसेंबरअखेर आणि जानेवारीत. उन्हाळ्यात वऱ्हाडात विस्तवाजवळ कुणी बसत नाही. तेव्हा अमरावतीचा गिला वडा आणि शेगावची कचोरी खावी, त्यांना हंगाम नाही.

विचारायचे काय?

परक्या गावात उतरल्यावर आपण विचारतो, "इथे फेमस काय आहे?" या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते: स्टँडाजवळचे, ज्याची पाटी मोठी ते. त्याऐवजी विचारावे, "या दिवसांत तुमच्याकडे काय करतात?" भाजीबाजारात वांगी विकणाऱ्या काकूंना, ऑटोवाल्या भाऊंना, किराणा दुकानदाराला. उत्तर कदाचित असे येईल: "रोडगे खाचे असन तं आज नाई भेटत भाऊ. शनवारी मारुतीच्या पारावर या." हे उत्तर निराशेचे नाही. पदार्थ कुठल्या दिवसाशी आणि कुठल्या जागेशी बांधलेला आहे, हे त्यातून कळते, आणि पंगतीत पाहुण्याला नाही म्हणण्याची वऱ्हाडात पद्धत नाही.

दुसरी गोष्ट, सरपण पाहावे. हमरस्त्यावर 'वऱ्हाडी जेवण' अशा पाट्या आता पुष्कळ झाल्या आहेत. मागच्या अंगणात गोवऱ्यांची रास किंवा पऱ्हाटीच्या पेंढ्या दिसल्या तर बसावे. फक्त सिलिंडर दिसले तर झुणका-भाकर मागवावी. ती गॅसवरही उत्तम होते आणि रोडग्याचा हट्ट धरून आचाऱ्याला अडचणीत टाकू नये. वेळही खूण सांगते. मागितल्यापासून दहा मिनिटांत रोडगा ताटात आला तर तो सकाळचा आहे किंवा तळलेला. चांगल्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करायला सांगतात किंवा तासभर थांबवतात. तो तास त्यांच्या खात्यात जमा धरावा.

ही खूण हल्ली जास्त महत्त्वाची झाली आहे, कारण सरपणाची साखळी तुटते आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. ट्रॅक्टर आले तशा बैलजोड्या कमी झाल्या. गोवऱ्या आता पुष्कळ घरी विकत आणाव्या लागतात. पऱ्हाटीचेही तसेच. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून कृषितज्ज्ञ घराशेजारी पऱ्हाटीचे ढीग साठवू नका असे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पिकाचे नुकसान सोसून कुणी भरितासाठी काड्या जपाव्यात, असे म्हणण्याचा हक्क पाहुण्याला नाही. हंगाम संपताच काड्या वापरून टाकाव्यात, एवढे मात्र जमण्यासारखे आहे, आणि भरिताच्या पंगती त्यासाठीच नेमक्या वेळेवर येतात.

ताट समोर आल्यावर रोडगा हातात घेऊन पाहावा. भट्टीतला रंगाने सगळीकडे सारखा असतो. राखेतल्यावर कुठे गडद, कुठे फिकट ठिपके असतात आणि सालीच्या भेगांत राखेची पुसट रेघ राहिलेली असते. फडक्याने कितीही झटकले तरी ती उरते आणि खायला बाधत नाही. तो सुरीने कापू नये. दोन्ही हातांनी दाबून फोडावा म्हणजे थर उघडे पडतात, आणि गरम असतानाच तूप सोडावे, कारण गार झालेल्या रोडग्यात आतल्या वाटा आखडतात आणि तूप ताटात उतरते. वांग्याच्या भाजीचा रस्सा त्यावर ओतायची घाई करू नये. आधी एक तुकडा नुसत्या तुपासोबत, मग एक वरणात बुडवून, मग भाजी.